आरशाखालची तीन बटणं

गाडी विकताना रत्नपारखींनी
एकेक खण उघडून दाखवला,
पाहुण्यांना घर दाखवावं तसा.
हा ग्लोव्ह बॉक्स. आपटायचा नाही,
दोन बोटांनी दाबायचा.
हा हाताखालचा. टोलची चिल्लर इथं असायची,
आता तुम्ही काय ठेवाल ते.
हा वर, चष्म्याचा.
आणि हा सीटखाली. चोरकप्पा म्हणा हवं तर,
चोराला पहिल्यांदा हाच सापडतो.

आरशाखालच्या तीन बटणांबद्दल
मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.

वर्षभर मी ते खण भरत गेले.
घरोघर जाऊन लोकांचे गुडघे वाकवणं हा माझा धंदा,
म्हणून रबरी पट्टे, शेकायची पिशवी,
खारे दाणे, पीयूसी,
लक्ष्मी रोडच्या पार्किंगची पावती
जिच्यावर कुणाचा तरी नंबर आहे, नाव नाही.
तळाशी त्यांचं थोडं उरलं होतं:
दगड झालेली बडीशेपेची पुडी
आणि केसांचा एक आकडा.
पुडी टाकली.
आकडा तिथंच राहू दिला.

जानेवारीतला गुरुवार. सहकारनगर.
तळजईच्या चढाला लागण्याआधीची गल्ली,
समोरून ऊन.
चष्म्याचा खण चाचपताना
बोट भलत्याच बटणावर पडलं
आणि डावीकडे काहीतरी घरघरलं.

एका बंगल्याच्या शटरवर रंगवलेलं होतं,
'येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल.
नंतर पंप मागू नये.'
ती सूचना ओळीओळीनं
वर गुंडाळली जात होती.

आधी चपला दिसल्या.
मग पायजमा, मग गुडघे
(डावा सुजलेला; माझी नजर तिथंच जाते),
मांडीवर ताट, ताटात मटार,
आणि शेवटी, शटरला काही घाई नव्हती,
रत्नपारखी.

गाडी जिथं उभी राहायची
बरोबर तिथं खुर्ची टाकून बसले होते.
फरशीवर ऑइलचा जुना डाग,
दोन पावलांच्या मधोमध.

दचकले नाहीत.
शेंग धरलेला हात उचलून म्हणाले,
"ये, ये, ये... थोडी डावीकडे काट... बास."
मग काचेतून मला पाहिलं.
"अच्छा. तुम्ही."

मी माफी मागितली. ते म्हणाले, चूक माझी,
विकताना पुसायला हवं होतं.
उद्या तुम्ही कुणाला विकाल, तो कुणाला विकेल.
पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, पान एकशे बेचाळीस:
कडेची दोन बटणं एकदम धरायची,
वीस सेकंद, दिवा लुकलुकेपर्यंत.

मी पान उघडलं नाही. बटणं धरली.
ते खिडकीशी उभे राहून मोठ्यानं मोजत होते,
परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखे.
अकरानंतर जरा थांबले.
घड्याळ थांबलं नव्हतं म्हणून
पुढचा आकडा थेट पंधरा आला.

दिवा लुकलुकला. "झालं," म्हणाले.
"आता ही गाडी आम्हाला ओळखत नाही."

मग दोघांनीही एकदमच वर पाहिलं.

शटर उघडंच होतं.

भिंतीवरचं बटण दिवाळीपासून बंद.
"आणि हातातला रिमोट?"
"तिच्या पर्समध्ये असायचा," म्हणाले,
पर्स कुठं आहे ते बोलले नाहीत.

मी म्हटलं, कुणाला तरी बोलवावं लागेल.
"बोलवू. सोमवारी येतो म्हणेल,
गुरुवारी येईल."
खुर्ची हातभर पुढं ओढली, उन्हात,
आणि एक पाय लांब करून बसले.
डावा. मी न सांगता.

तेवढ्यात एक स्कूटरवाला थांबला,
आत डोकावला.
"काका, इथं लावू का जरा?"

सूचना वर गुंडाळलेली.
रत्नपारखींनी त्याच्याकडे पाहिलं,
मग फरशीवरच्या डागाकडे,
मग एक शेंग सोलली.

"पाच मिनिटं," म्हणाले.
"सहावं झालं की हवा सोडीन."